पुंख : बाणाच्या मागल्या टोकाचा शब्द आणि यवतमाळचे रान

एखाद्या प्रश्नाचा 'पुंखानुपुंख' विचार झाला असे मराठीत लिहिले जाते, तेव्हा लिहिणाऱ्याच्या किंवा वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बाण उभा राहत नाही. 'सविस्तर', 'बारकाईने', 'एकही धागा न सोडता' एवढाच अर्थ आज त्या शब्दातून निघतो. मुळात मात्र ते युद्धभूमीवरचे चित्र आहे. एकामागून एक असे बाण सुटावेत, आणि पुढच्याच्या पुंखाला मागच्याचे टोक भिडावे, इतकी त्यांची धार अखंड असावी. अखंडपणाचा हा अर्थ पुढे सविस्तरपणाकडे सरकला. बाण गेला, धनुष्य गेले, आणि ज्या अवयवावरून शब्द बनला तो अवयव कोणता, हेही विस्मृतीत गेले. पिसे लावलेला भाग म्हणजे पुंख, असे उत्तर सुशिक्षित मराठी माणूस बहुधा देईल. हे उत्तर अपुरे आहे. त्याचा अपुरेपणा केवळ कोशापुरता नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या रानात शतकानुशतके चालत आलेल्या एका कारागिरीची नोंद नीट का झाली नाही, याचे एक कारण त्यात दडलेले आहे.

वामन शिवराम आपटे यांच्या १८९० च्या संस्कृत-इंग्रजी कोशात पुंख म्हणजे बाणाचा पिसांचा भाग, असा अर्थ दिला आहे. मोनियर-विल्यम्स यांचा १८९९ चा कोश थोडा पुढे जातो. बाणाची दांडी अथवा पिसांचा भाग असे सांगून, हा भाग दोरीला भिडतो, अशी पुस्ती तो जोडतो. ही पुस्तीच महत्त्वाची आहे. पिसे दोरीला भिडत नाहीत. दोरीला भिडते ते दांडीचे अगदी मागले टोक आणि त्यात कोरलेली खाच. पिसांची जागा त्याच्या थोडी पुढे असते, कारण ओढणाऱ्या बोटांना मागे मोकळी जागा लागते.

वाङ्मयातील प्रयोग पाहिले की हा भेद स्पष्ट होतो. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात सिंहावर बाण सोडण्यासाठी दिलीप भात्याकडे हात नेतो आणि तो हात तेथेच थिजतो. त्या श्लोकात कालिदासाने कंकपक्ष्याच्या पिसांसाठी एक शब्द योजला आहे आणि राजाची बोटे जेथे चिकटली त्या भागासाठी 'पुंख' हा दुसरा. पिसे नखांच्या कांतीने उजळली, बोटे मात्र पुंखावर अडकली. कालिदासासारखा कवी एकाच वस्तूला एका श्लोकात दोन नावे देऊन पुनरुक्ती करील, हे संभवत नाही. रामायण-महाभारतांत 'रुक्मपुंख', 'स्वर्णपुंख' ही बाणांची विशेषणे वारंवार येतात. त्यांचा उलगडाही याच दिशेने होतो. पिसे सोन्याची नसतात. सोन्याचा मुलामा किंवा सोन्याची टोपी चढते ती दांडीच्या टोकावर. महाकाव्यातील अतिशयोक्ती वजा केली, तरी दांडीहून वेगळ्या पदार्थाचा तुकडा मागल्या टोकावर बसविण्याची कल्पना त्या काळी परिचित होती, असे मानण्यास प्रत्यवाय नाही. जो तुकडा वेगळा बसविता येतो तो वेगळा काढताही येतो, म्हणजेच बदलता येतो.

वैदिक वाङ्मय याहून काटेकोर आहे. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातील विष उतरविण्याच्या सूक्तात बाणाचे भाग एकेक करून मोजले आहेत. शल्य, पर्णधि, शृंग, कुल्मल अशी ही नावे आहेत. त्यांतील पर्णधि म्हणजे पर्ण, अर्थात पिसे, जेथे धारण केली जातात ती जागा. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील आयुधसूक्तात बाणाला पक्ष्याच्या पिसांचे वस्त्र आहे, त्याचा दात हरणाचा आहे आणि तो गाईच्या स्नायूंनी बांधलेला आहे. दात म्हणजे शिंगाचे टोक. स्नायूंच्या बांधणीचा उल्लेख मात्र सहज वाचून सोडून देण्यासारखा नाही. बोरूची अथवा वेताची दांडी उभ्या तंतूंची असते. टोकाला बसविलेले शिंग आणि मागे कोरलेली खाच, या दोन्ही जागी ती उभी चिरते. तेव्हा बांधणी दोन्हीकडे हवी. ती पुढे दिसते, मागे दिसत नाही, कारण पिसांनी झाकली जाते.

पुढच्या काळातील धनुर्वेदविषयक ग्रंथांनी बाणाच्या दांडीचे तीन प्रकार सांगितले आहेत. पुढे जाड तो स्त्री, मागे जाड तो पुरुष, सर्वत्र सारखा तो नपुंसक. पहिला लांब जातो, दुसरा खोल भेदतो, तिसरा नेम शिकण्यास चांगला. चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरपद्धतीतही हा विचार आला आहे. लिंगाची ही विभागणी आजच्या वाचकास विनोदी वाटेल. तरी तिच्यामागचे निरीक्षण सुताराचे आहे, कवीचे नव्हे. मागे जाड असलेल्या दांडीत खाचेच्या दोन्ही बाजूंना जास्त लाकूड उरते. जोरदार धनुष्याचा धक्का तीच सोसते.

धक्क्याची ही गोष्ट जरा उलगडून सांगावयास हवी. दोरी सुटते त्या क्षणी धनुष्यात साठलेला सगळा जोर खाचेच्या तळाशी, बोटाच्या पेराएवढ्याही नसलेल्या जागेत उतरतो. टोक बोथट झाले तर बाण कमी रुततो, पिसे झडली तर तो भरकटतो. पण खाच चिरली तर बाण सुटतच नाही. दोरी दांडी फोडून मोकळी जाते, सगळा हिसका धनुष्याच्या बाहूंवर येतो आणि कधी धनुष्यच मोडते. शिवाय दांडीची कुसळे ओढणाऱ्याच्या हातात शिरतात. म्हणून जगात जेथे जेथे धनुष्याने शिकार झाली तेथे तेथे रानात जाण्याआधी पाहावयाची पहिली गोष्ट टोक नसून खाच असली पाहिजे, हे तर्कानेही सिद्ध होते.

खाच नवी करण्याच्या वाटा फार नाहीत. दांडी बांबूची असेल तर चिरलेला भाग कापून टाकावयाचा आणि गाठीच्या लगत पुन्हा खाच कोरावयाची. गाठ तळाशी आली की चीर पुढे धावत नाही. पण प्रत्येक कापणीबरोबर बाण आखूड होतो. बोरूची लेखणी तासून तासून संपते, तसाच बाणही संपतो, आणि आखूड बाण पुरता ओढता येत नाही. दांडी पोकळ असेल तर पोकळीत कठीण लाकडाची खुंटी सरसाने अथवा लाखेने बसवून तिच्यात खाच पाडावयाची. ही रीत फार जुनी आहे. प्राचीन मिसरमधील बोरूच्या बाणांना असे वेगळे तुकडे बसविलेले आढळले आहेत. तिसरी वाट जुनीच खाच तातीने अथवा सुताने आवळून घेण्याची. ती तात्पुरती. येथे एक गोष्ट ओघाने सांगावयास हरकत नाही. संस्कृतात 'शर' हा शब्द बाणाचा आहे आणि ज्या गवतवर्गी वनस्पतीच्या कांडापासून बाण होई तिचाही आहे. मराठीत तशाच कांडाची लेखणी झाली आणि तिला बोरू म्हटले. एकाच जातीच्या कांडाला एका टोकाशी खाच पाडणारे आणि चीर देणारे असे दोन व्यवसाय चिकटले. पैकी लेखणीवाल्यांनी आपले शब्द लिहून ठेवले.

आता यवतमाळकडे वळता येईल. उत्तर-पूर्वेला वर्धा आणि दक्षिणेला पैनगंगा या नद्यांच्या मधला हा प्रदेश. इंग्रजी अमदानीत १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. पुढे जो जिल्हा बनला तो वणीच्या नावाने ओळखला जाई. १९०५ च्या फेररचनेत त्याला यवतमाळ हे नाव मिळाले आणि मोडलेल्या वाशीम जिल्ह्यातील पुसद तालुका त्यास जोडला गेला. सागवान आणि बांबू यांचे हे रान. त्यात गोंड, कोलाम, परधान, आंध आणि पारधी यांची वस्ती. कोलामांच्या वस्तीला येथे 'पोड' म्हणतात. पांढरकवडा, वणी, मारेगाव, झरी जामणी, घाटंजी या बाजूंना अशी पोडे विखुरलेली आहेत.

भाषेच्या अभ्यासकाला हा प्रदेश नवा नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ मध्ये निघालेल्या चौथ्या खंडात कोलामीची नोंद आहे. तिच्याशेजारीच पुसद तालुक्यातील 'भिली' या नावाने एक बोली दिली आहे. नाव भिल्लांचे असले तरी ती बोली कोलामीच्या गोतातली, म्हणजे द्राविडी आहे. 'भिल्ल' हा शब्दच धनुष्यवाचक द्राविडी शब्दावरून आला, असे मत पुष्कळदा मांडले जाते. तमिळमध्ये धनुष्याला 'विल्', तेलुगूत 'विल्लु', कन्नडात 'बिल्', गोंडीत 'विल्' म्हणतात हे खरे. तथापि ध्वनींच्या साम्यावर एका समाजाच्या नावाचा इतिहास उभा करणे धाडसाचे आहे, आणि पुसदच्या उदाहरणातून निघतो तो निष्कर्ष वेगळाच आहे. बाहेरचा माणूस धनुष्य बाळगणाऱ्या कोणालाही भिल्ल म्हणत असावा. नाव हत्याराला पाहून दिले जाते, आणि भाषा मागाहून तपासली जाते.

१९५० साली पी. सेतुमाधवराव यांचे कोलामीचे व्याकरण प्रसिद्ध झाले. १९५५ साली एम. बी. एमेनो यांनी वर्धा भागातील सामग्रीवर आधारलेले कोलामीचे वर्णन प्रसिद्ध केले. एमेनो आणि बरो यांच्या १९६१ च्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात ही सामग्री समाविष्ट झाली. भारतीय भाषाविज्ञानात या ग्रंथांचे स्थान मोठे आहे. त्यांची दृष्टी मात्र ध्वनी, रूप आणि शब्दांचे कूळ यांच्यावर होती. बाण घडविणाऱ्याच्या मांडीवर दांडी असताना तो कोणत्या क्रमाने काय करतो आणि प्रत्येक पायरीला काय म्हणतो, हे पाहणे व्याकरणकाराचे काम नव्हते.

ते काम मानववंशशास्त्राचे, असे म्हणता येईल. पण तेथेही नजर पुढच्या टोकाकडेच गेली. मध्य भारतातील आदिवासींच्या धनुष्यांविषयी लिहिणाऱ्यांना दोरीने आश्चर्यचकित केले. ती अनेक ठिकाणी सुताची वा तातीची नसून बांबूच्या सालीच्या पट्टीची असते. फॉर्सिथ यांनी १८७१ च्या आपल्या ग्रंथात बैगांचे असे सर्वस्वी बांबूचे धनुष्य वर्णिले आहे. परंतु पट्टी दोरीसारखी गोल नसल्याने तिच्यासाठी खाच कशी पाडावी लागते, हा प्रश्न तेथून सहज उद्भवतो. त्याचे उत्तर सोडण्याच्या रीतीशी जोडलेले आहे. अमेरिकन अभ्यासक एडवर्ड मॉर्स यांनी १८८५ साली बाण सोडण्याच्या पद्धतींची जी वर्गवारी केली, तिच्यातील पहिली पद्धत चिमटीची. अंगठा आणि तर्जनी यांनी बाणाचे शेपूटच धरून ओढावयाचे. या पद्धतीत शेपूट जाडसर किंवा खडबडीत असावे लागते आणि खाच उथळ चालते. याउलट मंगोल पद्धतीत अंगठ्यातील अंगठीने दोरी ओढली जाते, बाण दोरीवर स्वतः टिकून राहावा लागतो, म्हणून खाच अरुंद आणि पकडणारी हवी. म्हणजे संग्रहालयात ठेवलेल्या बाणाची खाच पाहून तो सोडणाऱ्या हाताची ठेवण सांगता येते. शेपटाच्या आकारात माणसाचा हात उमटलेला असतो. टोकात उमटतो तो सावजाचा आकार.

मुसलमानी अमदानीत दख्खनमध्ये ही दुसरी, अंगठीची पद्धत आली. तिच्याबरोबर तीर, कमान, तीरंदाज हे फारसी शब्दही मराठीत उतरले. फारसीत खाचेला 'सूफार' असा स्वतंत्र शब्द आहे. तो मात्र मराठीच्या नित्य व्यवहारात रुजला नाही. आईन-इ-अकबरीच्या शस्त्रसूचीत रुतलेला बाण उपसून काढण्याच्या साधनाचेही नाव येते. दरबारी शस्त्रागाराला जखमेची चिंता होती. १६७७ च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राजव्यवहारकोश सिद्ध झाला, त्यातही शस्त्रवर्ग हा स्वतंत्र विभाग आहे. पण तोवर बंदुकीने धनुष्याला मागे सारले होते. कमान हा शब्द मराठीत धनुष्यावरून दाराच्या कमानीवर गेला आणि तेथेच राहिला. भाता हा शब्द बाणांचाही आणि लोहाराचाही. दोन्हींचे मूळ चामड्याच्या पिशवीसाठी असलेल्या 'भस्त्रा' या संस्कृत शब्दात आहे. आज त्यापैकी लोहाराचाच भाता कोठे कोठे हलताना दिसतो. नगरातल्या मराठीने धनुष्याचे शब्द असे एकेक करून दुसऱ्या कामाला लावले. रानातल्या मराठीने 'कमठा' ठेवला. बांबूवाचक 'कमठ' या शब्दाशी त्याचे नाते असून तिरकमठा या जोडशब्दात फारसी तीर आणि देशी कमठा शेजारी नांदत आहेत. 'पारध' या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. तो प्राकृत 'पारद्धि' पासून आला. जैन पंडितांनी त्याचे संस्कृत रूप 'पापर्द्धि' असे घडविले, म्हणजे पापाची वृद्धी. व्युत्पत्ती चुकीची, पण शिकारीकडे पाहण्याची दृष्टी तिच्यात पुरती उतरली.

कायद्याचीही तीच दृष्टी होती, फक्त कारण वेगळे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हत्यारांच्या व्याख्येत तलवारी, खंजीर, भाले यांच्यासह धनुष्यबाणही घातले. भाल्याची फाळही वेगळी नावानिशी सांगितली. १९१२ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्याने आणि १९२७ च्या वन कायद्याने शिकारीवरील बंधने वाढत गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीचा अध्याय जवळपास मिटविला. पैनगंगा अभयारण्य आणि १९९७ चे टिपेश्वर अभयारण्य याच जिल्ह्याच्या भूमीवर झाले. वाघ, नीलगाय, चितळ यांच्या दृष्टीने हे हितावहच झाले, यात शंका नाही. पण शिकार थांबली तेव्हा शिकारीपूर्वीची रात्रही थांबली. त्या रात्री बाण एकेक करून उजेडात धरले जात, खाच अंगठ्याच्या नखाने चाचपली जाई आणि चिरलेली दांडी बाजूला काढली जाई, हे कोणत्याही धनुर्धर समाजाविषयी खात्रीने म्हणता येते. कृती गेली की तिचे क्रियापद फार काळ टिकत नाही. नामे त्याहून थोडी अधिक टिकतात, कारण ती गोष्टींत आणि देवाच्या नावांत अडकून राहतात.

ही गरज मुळीच कालबाह्य नाही, हे आजच्या साधनांवरून दिसते. परदेशात कार्बनच्या नळीचे आखूड बाण यांत्रिक धनुष्यातून सोडून शिकार करतात. त्या बाणांच्या मागे प्लास्टिकचा अथवा ॲल्युमिनियमचा वेगळा तुकडा बसविलेला असतो आणि शिकारीपूर्वी तो तपासून, भेगाळला असल्यास बदलणे हा तेथील पहिला नियम. मध्ययुगीन यांत्रिक धनुष्याच्या बाणाला बहुधा खाचच नसे. मागचे टोक सपाट असे, कारण बाण खोबणीत पडून राही. धनुष्याचा जोर वाढला तशी दोरी बाणावरून निसटण्याचा धोका वाढला, आणि अर्धचंद्राकृती खाच आली. चुकीच्या आकाराचा तुकडा बसविला, किंवा खाच दोरीला समांतर न ठेवता फिरवून बसविली, तर दोरी बाणावरून घसरते आणि यंत्रच फुटते. संस्कृत ग्रंथांत 'अर्धचंद्र' हे बाणाच्या टोकाचे नाव होते. आता तो आकार शेपटाला आला. महाभारतातील सुवर्णपुंखापासून या प्लास्टिकच्या तुकड्यापर्यंतचे अंतर वाटते तेवढे मोठे नाही. विदर्भातही कार्बनचा बाण परका राहिलेला नाही. नागपूरचे ओजस देवतळे २०२३ साली बर्लिन येथे कंपाउंड धनुष्याचे जागतिक विजेते झाले आणि त्याच वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी तीन सुवर्णपदके मिळविली. क्रीडांगणावरील मराठीत या तुकड्याला 'नॉक' म्हणतात. पुंख हा शब्द तेथे कोणी सुचविला तर पंख असाच ऐकला जाईल. ध्वनीच्या या जवळिकीनेच बहुधा मराठी वाचकाच्या मनातला पुंख पिसांकडे ओढला.

तेव्हा काम उरते ते पोडांवर. जर्मन भाषेच्या प्रदेशात मेरिंगर आणि शुखार्ट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शब्द आणि वस्तू एकत्र अभ्यासण्याचा आग्रह धरला होता. यवतमाळच्या संदर्भात त्या आग्रहाला व्यवहाराचे रूप द्यावयाचे तर शब्दांची यादी घेऊन जाणे व्यर्थ आहे. 'खाचेला काय म्हणता' असे मराठीत विचारले, तर उत्तरही मराठीतच 'खाच' असे येईल. खाच चिरलेला बाण वृद्धाच्या हाती द्यावा आणि तो काय करतो ते पाहावे. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. शिकार हा आज गुन्हा आहे. पारध्यांच्या बाबतीत तर १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची आणि १९५२ पर्यंत चाललेल्या नोंदींची आठवण पिढ्यांमागून पिढ्या उतरली आहे. वही घेऊन आलेल्या परक्याने शिकारीविषयी विचारले की गप्प बसणे हेच शहाणपण ठरते, आणि त्यात गैर काही नाही. म्हणून प्रश्न शिकारीपासून सुरू करू नये. पोरांच्या खेळण्यातल्या कमठ्यापासून करावा, शेत राखणाऱ्याच्या गोफणीपासून, गुलेलीपासून करावा. गुलेलीला खाच नसते, तेथे खड्याची झोळी असते. तिची दोरी कशी बांधतात हे सांगता सांगता बाणाच्या दोरीचे नाव आपोआप येते, आणि दोरीच्या मागोमाग ती ज्यात बसते त्या जागेचे. सांगणाऱ्याचे नाव वहीत न लिहिता पोडाचा परिसर, वय आणि बोली एवढेच लिहावे. बाण परत करावा. तो दुरुस्त होऊन परत मिळाला तर त्याची लांबी पहिल्या लांबीशी ताडून पाहावी. जुनी खाच कापून नवी पाडली की खुंटी बसविली, हे त्या मापावरून कळते, आणि त्या दोन कृतींची दोन नावे मग विचारता येतात.